बंगळूर की हैदराबाद?

आप्पा बळवंत चौकात इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत घेऊन शिकलेली मुलं चार वर्षांनी त्याच चौकात चहाचा ग्लास हातात धरून विचारतात, "काका, दोन ऑफर आहेत. बंगळूरची नऊ लाखांची, हैदराबादची आठ लाखांची. कुठली घेऊ?" नऊ हा आकडा आठाहून मोठा असल्यामुळे त्यांच्या मते उत्तर ठरलेलंच असतं, फक्त कुणीतरी मान डोलवायची बाकी असते. आई विचारते, जेवणाचं काय? वडील विचारतात, पुण्यात नाही का मिळत? पुण्यातही मिळते, पण रोज बुधवार पेठेतून हिंजवडीला जाऊन येणाऱ्याला विचारा म्हणजे वडिलांच्या प्रश्नातली हवा निघून जाईल.

या प्रकरणात आपण या दोन शहरांची तुलना करणार आहोत, पण हवा छान, माणसं चांगली, बिर्याणी उत्तम अशी नाही. बावीस-पंचवीस वर्षांच्या माणसाचा नव्या शहराशी संबंध येतो तो एका खोलीपुरता, एका ऑफिसपुरता, त्या दोहोंमधल्या रस्त्यापुरता आणि सणाला घरी येण्याच्या वाटेपुरता. हिशेब या चार गोष्टींचा करायचा. बाकीचं शहर हे रविवारी दुपारी बघायचं असतं.

१. नऊ लाख म्हणजे किती?

ऑफरच्या पत्रावर जो मोठा आकडा छापलेला असतो त्याला सीटीसी म्हणतात. तुम्ही कंपनीला वर्षाला केवढ्याला पडता, तो हा आकडा. त्यातले सगळे पैसे तुमच्या हातात येत नाहीत, आणि जे येत नाहीत ते तीन वाटांनी जातात.

पहिली वाट भविष्यनिर्वाह निधीची, म्हणजे पीएफची. मूळ पगाराच्या, ज्याला सगळे बेसिक म्हणतात त्याच्या, १२ टक्के कंपनी भरते आणि १२ टक्के तुमच्या पगारातून कापले जातात. कंपनीचा वाटाही बहुतेक वेळा सीटीसीतच मोजलेला असतो. पैसा तुमचाच, पण आज खर्चायला नाही.

दुसरी वाट ग्रॅच्युइटीची. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा, असा तिचा हिशेब असतो. तो बेसिकच्या ४.८१ टक्के येतो. कायमच्या नोकरीत ती सहसा पाच वर्षं टिकणाऱ्याला मिळते. पहिल्या नोकरीत पाच वर्षं टिकणारा मुलगा आता दुर्मिळ झाला आहे, तेव्हा हे पैसे नाहीतच असं समजून चालावं.

तिसरी वाट व्हेरिएबलची. कंपनीचं बरं चाललं, साहेब खूश असले, तर वर्षाच्या शेवटी मिळणारी रक्कम. पूर्ण मिळते, अर्धी मिळते, कधी मिळतही नाही.

आता आकडे घालून बघू. दोन्हीकडे बेसिक सीटीसीच्या निम्मा आहे, बंगळूरच्या पत्रात १० टक्के व्हेरिएबल आहे आणि हैदराबादच्या पत्रात अजिबात नाही, असं धरू. हे उदाहरण आहे. आपापल्या पत्रातले आकडे घालून हेच गणित करायचं.

बंगळूर: ९,००,०००. बेसिक ४,५०,०००. कंपनीचा पीएफ ५४,०००, ग्रॅच्युइटी २१,६४५ आणि व्हेरिएबल ९०,००० वजा केले की उरतात ७,३४,३५५. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ५४,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेला की वर्षाचे ६,७७,८५५, म्हणजे महिन्याला साधारण ५६,४९० रुपये.

हैदराबाद: ८,००,०००. बेसिक ४,००,०००. कंपनीचा पीएफ ४८,००० आणि ग्रॅच्युइटी १९,२४० वजा करून ७,३२,७६०. तुमचा पीएफ ४८,००० आणि व्यवसाय कर २,४०० गेला की ६,८२,३६०, म्हणजे महिन्याला साधारण ५६,८६० रुपये.

आठ लाखांची ऑफर दरमहा पावणेचारशे रुपयांनी वरचढ निघाली. बंगळूरला पीएफमध्ये दोन्ही वाटे मिळून वर्षाला बारा हजार जास्त साठतील आणि व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर वर्षाच्या शेवटी नव्वद हजार एकदम येतील, हे खरं. पण घरभाडं वर्षाच्या शेवटी देऊन चालत नाही.

मिळकतकराची भीती इथे घालायला नको. २०२५-२६पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. नोकरदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. आपली दोन्ही उदाहरणं त्याच्या बरीच खाली आहेत. या पद्धतीत घरभाडे भत्त्याची सूटही नसते. त्यामुळे कुठलं शहर करखात्याच्या लेखी महानगर आहे आणि कुठलं नाही, यावर नातेवाइकांनी घातलेला वाद ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा. राहिला व्यवसाय कर. राज्यघटनेने त्यावर वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे महाराष्ट्र असो, कर्नाटक असो की तेलंगण, तेवढ्यासाठी कुणी गाव बदलू नये.

२. अडकलेल्या पैशाचं भाडं

पुण्यात घर भाड्याने द्यायचं तर करार नोंदवावा लागतो. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारक आहे. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, दोन साक्षीदार लागतात, हे पेठेतल्या पोरांनी पाहिलेलं असतं. बंगळूर-हैदराबादेत सर्रास दिसतो तो अकरा महिन्यांचा करार, स्टॅम्प पेपरवर केलेला आणि न नोंदवलेला. अकराच का, तर १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून मोठ्या मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, आणि अकरा महिने त्या रेषेच्या अलीकडे पडतात. न नोंदवलेल्या करारावर भांडण झालं तर परगावच्या मुलाचा जोर कमी पडतो. म्हणून डिपॉझिट बँकेतूनच द्यायचं, त्याचा आकडा करारात लिहून घ्यायचा, आणि सामान आत टाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, गिझरचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवायचा.

डिपॉझिट ही बंगळूरची खासियत. दहा महिन्यांचं भाडं आगाऊ घेण्याची तिथली जुनी रीत आहे. आता कुठे पाच-सहा महिन्यांवर भागतं, पण जुन्या वस्त्यांतले मालक दहाचा हट्ट सोडत नाहीत. हैदराबादेत दोन-तीन महिन्यांवर काम होतं. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोनच महिन्यांची मर्यादा सुचवलेली आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तर लागू, एरवी कागदावर.

या डिपॉझिटचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत, कारण ते परत मिळणार असतं. पण परत मिळेपर्यंत तो पैसा बसून राहतो, आणि बसलेल्या पैशाचंही भाडं असतं. दोन्हीकडे वीस हजारांचं घर धरू. बंगळूरला दहा महिन्यांचे दोन लाख अडकले, हैदराबादला दोन महिन्यांचे चाळीस हजार. फरक एक लाख साठ हजारांचा. हे पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ११,२०० रुपये व्याज आलं असतं, म्हणजे महिन्याला ९३३. वडिलांनी त्यासाठी सोसायटीतून चौदा टक्क्यांनी कर्ज काढलं असेल तर हाच आकडा दुप्पट होतो.

याच्यापुढे रंगाचा खर्च. घर सोडताना रंगरंगोटीसाठी एक महिन्याचं भाडं कापून घेणं बंगळूरला इतकं रुळलेलं आहे की मालक ते करारातच लिहितो. हैदराबादेतही काही जण कापतात, तेव्हा ते कलम शोधून वाचायचं. अकरा महिन्यांत घर सोडलं तर वीस हजारांचे महिन्याला आणखी १,८१८ रुपये झाले. म्हणजे वीस हजारांचं बंगळूरचं घर खऱ्या अर्थाने पावणेतेवीस हजारांना पडलं. तीन वर्षं राहिलात तर रंगाचा वाटा महिन्याला साडेपाचशेवर येतो. बंगळूर थांबणाऱ्याला स्वस्त होत जातं आणि पळणाऱ्याला महाग पडतं.

पुण्यात बसून घर घेऊ नका. फोटोवर घर दाखवणारा, आपण लष्करात असून बदली झाल्याचं सांगणारा आणि टोकनचे पैसे आत्ता लगेच मागणारा माणूस घरमालक नसतो. पहिले दोन महिने पीजीत काढावेत. हैदराबादेत त्यालाच हॉस्टेल म्हणतात, त्यामुळे अमीरपेठ-माधापूरच्या पाट्या वाचून इथे एवढी कॉलेजं कुठून आली असं वाटून घेऊ नये.

३. किलोमीटर विसरा, मिनिटं मोजा

पेठेत वाढलेल्याला अंतराचा अंदाज नसतो, कारण त्याच्या लहानपणी सगळं चालत होतं. तुळशीबाग, मंडई, लक्ष्मी रोड, शाळा, क्लास, सगळं दहा मिनिटांच्या आत. म्हणून तो नकाशावर बोट ठेवून म्हणतो, ऑफिसपासून नऊच किलोमीटर आहे, परवडेल.

बंगळूरच्या आउटर रिंग रोडवर, सिल्क बोर्ड ते मारतहळ्ळी या पट्ट्यात, नऊ किलोमीटरला संध्याकाळी तास लागला तर कुणी तक्रारही करत नाही. तिथली मेट्रो २०११मध्ये सुरू झाली. जांभळी मार्गिका ऑक्टोबर २०२३पासून व्हाइटफील्डपर्यंत पूर्ण धावते आणि ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झालेली पिवळी मार्गिका इलेक्ट्रॉनिक सिटीवरून पुढे बोम्मसंद्रापर्यंत जाते. याचा अर्थ सरळ आहे. तुमचं ऑफिस व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीला असेल तर मेट्रोच्या एखाद्या स्थानकापासून चालत जाता येईल अशी खोली बघा, भले ती ऑफिसपासून पंधरा किलोमीटर असो.

हैदराबादची मेट्रो नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झाली. तीन मार्गिका, एकूण ६९ किलोमीटर. निळी मार्गिका हायटेक सिटीवरून रायदुर्गला येऊन थांबते, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या त्याच्या पुढे, गच्चीबावली, नानकरामगुडा आणि फायनान्शियल डिस्ट्रिक्टला आहेत. पण तिथे रस्ते रुंद आहेत, शहराभोवती १५८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता आहे, आणि ऑफिसच्या बाजूलाच, कोंडापूर-गच्चीबावलीत, भाड्याची घरं भरपूर मिळतात. ज्याला जुनं हैदराबाद अंगावर घेऊन राहायचंय त्याचा प्रवास लांबतो, बाकीच्यांचा आटोक्यात राहतो.

वेळ पैशात मांडायचा तर असा. एका खोलीपासून ऑफिसला वीस मिनिटं लागतात, दुसरीपासून पन्नास. जाऊन-येऊन रोजचा फरक एक तासाचा, महिन्याला बावीस दिवस धरले तर बावीस तास. आठ तासांचा दिवस धरला तर पावणेतीन दिवस नुसते रस्त्यावर. महिन्याला पंचावन्न-छप्पन्न हजार मिळवणाऱ्याच्या एका तासाची किंमत सव्वातीनशे रुपयांच्या आसपास येते. म्हणजे तीन हजार जास्त भाडं देऊन जवळची खोली घेतली तरी सात हजारांचा वेळ वाचला. हा वेळ तुम्ही झोपण्यात घालवा नाहीतर नवीन काही शिकण्यात, तो तुमचा प्रश्न.

मुलींसाठी एक खुलासा. कर्नाटकात जून २०२३पासून आणि तेलंगणात डिसेंबर २०२३पासून महिलांना सरकारी साध्या बसने फुकट जाता येतं, पण त्या त्या राज्याच्या रहिवासी महिलांनाच. आधारकार्डावर बुधवार पेठेचा पत्ता असेल तर कंडक्टर तिकीट फाडणार.

४. नळाला पाणी कुठलं?

खोली बघायला गेलेला मुलगा वायफाय विचारतो, पार्किंग विचारतो, नॉनव्हेज चालतं का ते विचारतो. पाणी विचारत नाही, कारण खडकवासल्याच्या जिवावर वाढलेल्याला पाणी ही विचारायची गोष्ट वाटतच नाही.

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर वसलंय. पुणे आणि हैदराबाद साडेपाचशेच्या आसपास. या उंचीमुळे बंगळूरची हवा गार, आणि याच उंचीमुळे तिथलं पाणी महाग. शहराला मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणून जवळजवळ पाचशे मीटर वर चढवावं लागतं. जिथपर्यंत ती पाइपलाइन पोचली नव्हती तिथे बोअरवेल आणि टँकर. २०२४च्या उन्हाळ्यात हजारो बोअर कोरडे पडले तेव्हा लाख-लाख पगाराची माणसं बादल्या मोजत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. दिवसाला ७७५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे आणि ते मुख्यतः शहराला नव्याने जोडलेल्या ११० गावांसाठी आहे. नवी ऑफिसं आणि नव्या सोसायट्या याच गावांत आहेत. तेव्हा मालकाला एकच विचारायचं: कावेरीचं कनेक्शन आहे का? 'बोअर आहे, टँकरही येतो' असं उत्तर आलं तर टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे, हा दुसरा प्रश्न. मग खाली उतरून जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून बघायचं. लाजायचं नाही.

हैदराबादला मंजिरा, कृष्णा आणि गोदावरी अशा तीन नद्यांचं पाणी येतं. त्याआधीचे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव मुसी नदीच्या पुरामुळे झाले. २८ सप्टेंबर १९०८च्या त्या पुरात हजारो माणसं गेली. निजामाने पूर आवरायला ज्या अभियंत्याला बोलावलं ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे विद्यार्थी, आजच्या सीओईपीचे. खडकवासल्याला १९०३मध्ये त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले होते. हैदराबादची योजना आखून ते १९०९मध्येच म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि पुढे कावेरीवर कृष्णराजसागर उभा राहिला. शिक्षण पुण्यात आणि काम हैदराबाद, बंगळूर दोन्हीकडे, असं करून दाखवणारा हा माणूस आपल्या चहाच्या गाडीवरच्या पोरांचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

हवेचं दोन ओळींत. हैदराबादचा मे महिना पुण्याच्या एप्रिलहून कडक असतो, कूलरशिवाय झोप लागत नाही. बंगळूरला पंख्यावर भागतं, पण पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत जास्त पडतो. छत्री गणपतीनंतर माळ्यावर टाकायची सवय तिथे मोडावी लागते.

५. दुसरी नोकरी

पहिल्या नोकरीचं शहर निवडताना खरं तर दुसऱ्या नोकरीचं शहर निवडलं जात असतं, आणि हे कळायला दोन वर्षं जातात.

तपकीर गल्लीत जा. एका दुकानात हवा तो होल्डर नसेल तर दुकानदार स्वतःच सांगतो, पलीकडे तिसऱ्या दुकानात बघा. शंभर दुकानं एकाच गल्लीत, एकच माल, तरी सगळ्यांचा धंदा चालतो. गिऱ्हाईक मोकळ्या हाताने परत जात नाही म्हणून लांबून येतं, आणि गिऱ्हाईक येतं म्हणून एकशे एकावं दुकानही तिथेच उघडतं. एका दुकानात शिकलेला पोऱ्या उद्या समोरच्या दुकानात दोन हजार जास्त घेऊन लागतो. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९०च्या आपल्या ग्रंथात नेमकं हेच उलगडून दाखवलं होतं: एका धंद्याची माणसं एका गावात गोळा झाली की हुनर तिथल्या हवेत पसरतं आणि कामगार व मालक दोघांनाही शोधाशोध करावी लागत नाही.

नोकरीच्या बाबतीत बंगळूर ही जुनी आणि लांबलचक गल्ली आहे. १९०९मध्ये टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली विज्ञान संस्था, १९४०मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट, १९५४मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. इंजिनिअरांचा हा साठा तयार होता म्हणूनच १९८५मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स तिथे आली. पुण्याला बोचणारी गोष्ट अशी की इन्फोसिस १९८१मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि १९८३मध्ये बंगळूरला गेली. फ्लिपकार्ट २००७मध्ये तिथेच निघाली. चिप डिझाइन, विमान-अंतराळ, किंवा चाळीस जणांची नवी कंपनी, यांपैकी कशातही रस असेल तर बंगळूरची गल्ली सोडून दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही. तिथे दोन वर्षांनी नोकरी बदलताना खोलीही बदलावी लागत नाही.

हैदराबादचं नाणं वेगळं. १९६१मध्ये सरकारी औषध कंपनी आयडीपीएल निघाली. तिथे काम केलेल्या अंजी रेड्डींनी १९८४मध्ये डॉ. रेड्डीज काढली. भारत बायोटेक १९९६ची. औषधनिर्माण किंवा जैवतंत्रज्ञान शिकलेल्याने विचार करत बसू नये, सरळ सिकंदराबादचं तिकीट काढावं. संगणकाकडचं दार उघडलं ते १९९८मध्ये, सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं आणि मायक्रोसॉफ्टने आपलं विकास केंद्र सुरू केलं तेव्हा. ॲमेझॉनची २०१९ची अवाढव्य इमारतही तिथेच आहे. मोठ्या कंपन्यांची मोठी आवारं हे हैदराबादचं बळ. ज्याला नावाजलेल्या कंपनीत शिरून शिस्तीत वर चढायचंय त्याला तिथे काही कमी नाही. छोट्या कंपनीत उडी मारून बघायची, फसलं तर शेजारची धरायची, ही चैन मात्र बंगळूरला जास्त परवडते.

६. परकं म्हणावं तर तसंही नाही

दक्षिणेत जायचं म्हटलं की पेठेतल्या घरात मुलगा साता समुद्रापार चालल्यासारखा चेहरा करतात. १६३८मध्ये आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे आलं. त्यांची पुण्याची जहागीर होतीच. म्हणजे एकाच घराची दोन बिऱ्हाडं, जिजाबाई आणि शिवाजी पुण्याला, तुकाबाई आणि व्यंकोजी बंगळूरला. बालशिवाजी स्वतः बंगळूरला जाऊन राहून आले. नंतरच्या काळात शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला मुलगा बंगळूरला बसकंडक्टर होता. लोक त्याला रजनीकांत म्हणून ओळखतात.

हैदराबादचं नातं आणखी जवळचं. सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद हीच त्याची राजधानी. औरंगाबाद, नांदेड, परभणीचा हुशार मुलगा वकिली नाहीतर बी.ए. करायला हैदराबादला जायचा. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या मराठी पुढाऱ्यांच्या खटपटीतून १९०७मध्ये विवेकवर्धिनी शाळा निघाली; संस्था आजही जांबागेत आहे. सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं सापडतात. उलट दिशेनेही माणसं आली. पी. व्ही. नरसिंह राव फर्ग्युसनला शिकले आणि त्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली.

रोजच्या व्यवहारात हैदराबाद सोपं. दखनी बोलीवर भाजीवाला, रिक्षावाला, मालक, सगळे निभावतात, आणि ती बोली ऐकून सोलापूर-नांदेडकडच्या मुलाला आपल्याच गल्लीत आल्यासारखं वाटतं. बंगळूरला कन्नड शिका. शंभर शब्द पुरतात, पण ते शंभर शब्द येणाऱ्याला रिक्षावाला मीटरवर नेण्याची शक्यता वाढते आणि शेजारच्या आजी डब्यात चित्रान्न देतात. तिथे जाऊन बेळगावचा विषय काढू नये, एवढं तारतम्य पुणेकराकडे असतंच असं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

७. गणपतीला घरी कसं यायचं?

पुणे ते हैदराबाद रस्त्याने सुमारे ५६० किलोमीटर, सोलापूरवरून. पुणे ते बंगळूर ८४० किलोमीटर, कोल्हापूर-बेळगाव-हुबळीवरून. सिकंदराबादची शताब्दी पुण्याहून सकाळी निघते आणि साडेआठ तासांत दुपारी पोचवते. बंगळूरची उद्यान एक्सप्रेस वीस तासांच्या आसपास घेते. शुक्रवारी रात्री बस पकडून हैदराबादहून माणूस शनिवारी सकाळच्या चहाला घरी येतो. बंगळूरहून तीच बस जेवायच्या वेळेपर्यंत लांबते. विमान दोन्हीकडून आहे, पण बंगळूरचा विमानतळ गावाबाहेर पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवनहळ्ळीला. सव्वा-दीड तासाच्या उड्डाणासाठी अडीच तास टॅक्सीत गेले तरी आश्चर्य वाटायला नको, आणि सणासुदीला तिकिटाचा भाव ऐकून आईच म्हणते, राहू दे, दिवाळीला ये.

दगडूशेठच्या रांगेचा आवाज ऐकत मोठा झालेला मुलगा अनंत चतुर्दशीला कुठे असणार, हा प्रश्न काही घरांत पगाराहून मोठा असतो. हैदराबादेत त्या दिवशी खैरताबादचा प्रचंड गणपती हुसेनसागराकडे निघतो आणि सारं शहर रस्त्यावर असतं, त्यामुळे रजेचा अर्ज साहेबाला समजावून सांगावा लागत नाही.

घरी आईवडील थकलेले, भाऊबहीण नाही, आणि दोन्हीकडचा हातातला पगार सारखाच, तर माझं मत हैदराबाद. रात्रीत पोचता येणं ही गोष्ट ज्या दिवशी लागते त्या दिवशी तिला दुसरी किंमत नसते. अंगावर कसली जबाबदारी नाही, हातात चांगलं कौशल्य आहे आणि दर दोन वर्षांनी पुढची उडी मारायची खुमखुमी आहे, त्याने डिपॉझिट भरावं आणि बंगळूरला जावं. दोन्ही ऑफर सारख्याच वाटत असतील तर शहर विसरून कोणत्या साहेबाच्या हाताखाली काम आहे ते बघावं.

८. नाही जमलं तर?

हा प्रश्न ऑफर घेताना विचारायचा, नोकरी सोडताना नव्हे. परत फिरण्याला किती खर्च येईल हे तीन कागदांवर लिहिलेलं असतं.

पहिला कागद ऑफर लेटर. जॉइनिंग बोनस आणि सामान हलवायला दिलेले पैसे वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत मागतात का, ते बघा. लाखाचा बोनस घेऊन तो डिपॉझिटमध्ये अडकवला आणि आठव्या महिन्यात नोकरी सोडली, तर कंपनी पैसे आत्ता मागते आणि घरमालक नंतर देतो. नोटिशीचा काळ साठ दिवसांचा आहे की नव्वद, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

दुसरा कागद भाडेकरार. त्यात 'लॉक-इन' म्हणून कलम असेल तर तेवढे महिने घर सोडलं तरी भाडं द्यावं लागतं. पहिल्या घराला तीन महिन्यांहून जास्त लॉक-इन मान्य करू नका, आणि नोटीस एक महिन्याची ठेवून घ्या.

तिसरा कागद गाडीचं आरसी बुक. एमएच-१२ची दुचाकी रेल्वे पार्सलने नेता येते, पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओतून ना-हरकत दाखला, मग तिकडे नव्याने रस्ताकर, मग इकडे भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाच्या परताव्याचा अर्ज. वर्षभरात परत यायची शंका असेल तर गाडी वाड्याच्या बोळातच राहू दे, धाकट्या भावाला किल्ली द्या आणि आठवड्यातून एकदा चालू करायला सांगा.